बंडीतलं बी

म्हाताऱ्या ओर्सोलानं लोकरीची बंडी काढायला साफ नकार दिला होता. आफ्रिकेचा किनारा मागे पडला तसा ‘कोस्तान्झा’ जहाजाच्या तिसऱ्या वर्गात अंगावरचा एकेक कपडा उतरत गेला. पुरुष आतल्या सदऱ्यावर आले, बायकांनी मोजे गुंडाळून ठेवले, आणि धाकट्या सुनेनं, कातिनेनं, बाह्या पार खांद्यापर्यंत वर सारल्या. एरवी म्हातारीनं तिला तिथल्या तिथं फैलावर घेतलं असतं. पण म्हातारी स्वतःच दोरखंडाच्या वेटोळ्यावर ताठ बसून होती, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कपाळावरून घाम निथळतोय. कोणी काही विचारलं की उत्तर एकच.

“मला गार वाटतंय.”

“गार? आई, डांबर वितळतंय पायाखाली,” झुआन म्हणाला. झुआन म्हणजे धाकटा मुलगा. त्याच्या गळ्यात सदानकदा अकॉर्डियन असे आणि डोक्यात कधीच काही नसे, असं त्याच्या थोरल्या भावाचं मत होतं.

“तुझे पाय जड असतील. जा, तिकडे वाजव.”

थोरली सून दोमेनिका हे सगळं बघत होती. सासूच्या घरात वीस वर्षं काढलेल्या बाईला सासूचा खोकलासुद्धा खरा की खोटा ते कळतं. म्हातारी आजारी नव्हती. म्हातारी काहीतरी लपवत होती, आणि ते छातीशी होतं.

मनात आलं ते तिनं झटकून टाकलं. शक्यच नव्हतं. बी तर बर्फाच्या खोलीत होतं.

त्यांच्या, म्हणजे तोमाझिनांच्या, घरात बी मालकिणीच्या छातीशी जागं होई. बी म्हणजे रेशीमकिड्यांची अंडी, खसखशीएवढी, करडी. हिवाळाभर ती तळघरात गार झोपायची. एप्रिलअखेर सान मार्कोच्या सणाला पाद्रीबुवांनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं की ओर्सोला ती मलमलीच्या पिशवीत घालून गळ्यात बांधायची, आणि अंडी फुटेपर्यंत, चुलीपाशी असो की अंथरुणात, पिशवी तिथंच. तोवर दारातल्या तुतीला बोटभर पालवी आलेली असायची. ही पिशवी ओर्सोलाला तिच्या सासूनं दिली होती, आणि रीतीप्रमाणे ती केव्हाच दोमेनिकाकडे यायला हवी होती. दर वर्षी म्हातारी तिला न्याहाळून म्हणायची, “तुझी छाती थंड आहे गं. बी दगावेल.” आणि गेल्या साली, स्वतः तापानं फणफणली तेव्हा, एका रात्रीपुरती तिनं पिशवी दिली ती कातिनेला. लग्नाला वर्ष न झालेल्या, गुबगुबीत, मेल्यासारखी झोपणाऱ्या कातिनेला! त्या रात्री दोमेनिकानं घासलेली भांडी पुन्हा घासली.

यंदा मात्र भांडणच उरलं नव्हतं. दोमेनिकाचा नवरा बास्तियान घरचा कर्ता, आणि त्यानं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. बी पत्र्याच्या डब्यात, डबा जहाजाच्या बर्फाच्या खोलीत. अर्जेंटिनात मेच्या मध्यावर उतरायचं, मगच बी जागं करायचं, आणि तिथल्या तुतीचा कोवळा पाला खायला घालायचा. शिवाय त्याच्या वडिलांनी स्वतः कलम केलेल्या तुतीच्या काड्या त्यानं ओल्या शेवाळात बांधून पेटीत भरल्या होत्या. घर विकलं, झाड काही विकवेना, म्हणून निघताना त्यानंच ते छाटलं होतं. ती पेटी डेकवर, ताज्या मांसासाठी नेलेल्या बैलांच्या गोठ्याला लागून, ताडपत्रीखाली होती, आणि तो तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा. बायकोची त्यानं एवढी विचारपूस केली नसेल.

दुपारी म्हातारी भोवळ येऊन पडली तेव्हा दोमेनिका जवळच होती. तिनं तिला धरून खाली बायकांच्या झोपण्याच्या दालनात नेलं, पहिल्याच फळीवर बसवलं आणि बटणांना हात घातला.

“हात लावशील तर बघ!”

“बघते. मेलात तर तुमच्या लेकाला काय तोंड दाखवू?”

“बटणाला हात लावू नकोस, दोमेनिका. सांगून ठेवते.”

पण म्हातारीच्या अंगात जोर नव्हता. बंडी उघडली. आतल्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे, केसासारखे बारीक तंतू वळवळत होते. दोमेनिकाला आधी वाटलं, उवा. जहाजावर काय कमी होत्या! मग तिला पिशवी दिसली, तिच्या शिवणीतून एकेक काळा जीव डोकं वर काढून हवा हुंगत बाहेर येत होता, आणि तिचे डोळे भरून आले. दर वसंतात येत तसे. समुद्राच्या मधोमध, घामाच्या आणि उलट्यांच्या वासात, तोमाझिनांचं बी फुटलं होतं.

मग भानावर येऊन ती फळीवर मटकन बसली. “आई. काय करून बसलात हे?”

“सान मार्कोचा दिवस होता.”

“अहो, पण आपण जहाजावर आहोत!”

“म्हणून काय सण थांबतो? बास्तियान डबा भरत होता तेव्हाच निम्मं काढून घेतलं मी. उगाच, जवळ असावं म्हणून. सणाच्या दिवशी सकाळी बघते तर हात आपोआप गळ्याकडे गेला.” म्हातारीनं नजर चुकवली. “आणि ती बर्फाची खोली मी पाहिलीय. बैलाच्या तंगड्या लटकतात तिथं. माझ्या सासूचं बी मी तंगड्यांशेजारी ठेवू?”

“आणि आता यांना घालायचं काय? खारं पाणी?”

म्हातारीचे डोळे पिशवीवरून हलेनात. वीस वर्षांत दोमेनिकानं तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

“हलू नका,” ती म्हणाली. “श्वाससुद्धा हळू घ्या. मला पीस पाहिजे.”

हे इवलेसे जीव बोटानं उचलले तर मरतात, पिसानं उचलावे लागतात. जहाजावर पीस कुठून आणायचं? गाद्या तर पेंढ्याच्या. तेवढ्यात पायऱ्यांवर कातिने दिसली, मोठ्या डोळ्यांनी बघत. तिनं काहीएक विचारलं नाही. वळली, आपल्या खोक्यातून जेनोवात घेतलेली नवी टोपी काढली आणि तिच्यावरचं पीस उपटून दोमेनिकाच्या हातात दिलं. या टोपीसाठी तिनं झुआनशी बंदरावर दोन तास अबोला धरला होता.

“ताई, मी मदत करू? मला फक्त मळमळतंय जरा.”

“मळमळतंय तर जेवणाच्या भांड्याचं झाकण आण, धर आणि तोंड तिकडे कर,” दोमेनिका म्हणाली. पण तिनं हे बरंच मऊपणे म्हटलं.

*

कालवणाच्या भांड्याच्या झाकणावर दोमेनिकाचा रुमाल, रुमालावर काळी वळवळ, आणि त्याभोवती सगळं घर. संध्याकाळच्या जेवणाची वेळ. जहाजावर सहा माणसांमागे एक भांडं मिळायचं. तोमाझिन पाचच होते, म्हणून सहावा त्यांच्यात व्हालेन्तीनला घातला होता. हा त्यांच्याच मुलखातला, पण बरीच वर्षं अर्जेंटिनात राहिलेला एक म्हातारासा गडी. बायको शोधायला गावी गेला होता आणि बायकोशिवाय परत चालला होता. परक्यासमोर घरचं बोलायचं नाही असा बास्तियानचा दंडक असल्यामुळे आजवर त्याच्याशी ‘मीठ द्या’ पलीकडे कोणी बोललं नव्हतं. तो बापडा आपला पाव बुडवून खायचा आणि पाइप ओढत बसायचा.

आज मात्र दंडक बास्तियानच विसरला.

“निम्मं? निम्मं बी चोरलंस तू?”

“स्वतःच्या घरातलं घेतलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत,” ओर्सोला म्हणाली.

“मी रोज त्या खोलीवाल्याच्या हातापाया पडतो, डबा हलवू नकोस म्हणून. आणि इथं माझी आई बंडीत भट्टी लावून बसलीय!”

“आवाज खाली,” दोमेनिका म्हणाली. “झालं ते झालं. त्यांना खायला पाहिजे.”

“खायला? द्या समुद्रात फेकून. माझ्याकडे निम्मं आहे अजून.”

म्हातारीनं झाकणावर दोन्ही हात धरले. दोमेनिका नवऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या रागाची तिला सवय होती. पण हे बोलताना त्याचा स्वतःचाच आवाज चिरकला, हेही तिनं ऐकलं.

झुआननं घसा खाकरला. “सॅलडचा पाला चालतो ना? आजीनं एकदा गारपिटीच्या साली घातला होता म्हणे. पहिल्या वर्गाच्या मुदपाकखान्यात टोपल्याच्या टोपल्या आहेत. मी तिथं रोज वाजवतो, भांडी घासणाऱ्यांसाठी.”

“तू तिथं जातोस?” बास्तियान कडाडला.

“दादा, ते वाइन देतात.”

पहिल्यांदाच झुआनच्या रिकामटेकडेपणाचा घराला उपयोग झाला. तो गेला आणि सदऱ्यात हिरवागार पाला लपवून परत आला. वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या ताटातला पाला दोमेनिकानं पुसून कोरडा केला, तंबाखूसारखा बारीक कातरला आणि झाकणावर पसरला. काहींनी खाल्ला. बरेचसे त्यावर चढले, हुंगून उतरले आणि कडेला जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेला बसलेले बरेच वाळून गेले होते. ज्यांनी खाल्लं होतं तेही ओले, मलूल दिसत होते.

“पाणचट आहे पाला,” ओर्सोला म्हणाली. आज तिनं भांडणाचा आव आणला नाही. “पोट बिघडतं त्यांचं. आणखी दोन दिवस तग धरतील.”

दोमेनिका उठली आणि सरळ बैलांच्या गोठ्याकडे चालू लागली. बास्तियान पेटीवर पाणी मारत होता.

“ताडपत्री काढा.”

“का?”

“काढा म्हणते ना.”

त्याला कारण ठाऊक होतं, म्हणूनच तो हलला नाही. शेवटी तिनंच ताडपत्री ओढली. पेटीच्या फटींतून फिकट पिवळी-हिरवी पालवी बाहेर डोकावत होती, उन्हाचं तोंड न पाहिलेली, जावळासारखी मऊ. ज्या उष्म्यानं बी फुटलं त्याच उष्म्यानं काड्याही फुटल्या होत्या. शेजारचा बैल जीभ लांब करून एका फटीपर्यंत जवळजवळ पोचला होता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“परवाच पाहिलं.”

“आणि बोलला नाहीत. रात्रभर आम्ही सॅलड पुसत बसलो.”

“दोमेनिका, काडीला मुळं नाहीत. तिच्यात जेवढा जीव आहे तेवढा या पालवीत आलाय. ती खुडली तर काडी मरते.” तो पेटीसमोर उकिडवा बसला. “बापाचं झाड आहे हे. मी छाटलं तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं मला. आईच्या हट्टापायी आता हेही मारू?”

सासऱ्यांवर तिचाही जीव होता. त्या झाडाखाली त्यांनी तिला शिडी धरायला शिकवलं होतं. आणि बर्फाच्या खोलीत निम्मं बी होतं हेही खरं. शहाणा माणूस काड्याच वाचवेल. तिला मात्र झाकणाच्या कडेला वाळून बसलेले ते जीव दिसत होते.

“दहा-बारा दिवसांत कोवळ्या पाल्याचा ढीग पडेल तुझ्यापुढे,” बास्तियान समजुतीनं म्हणाला. “डब्यातलं बी काढू. आई रडेल चार दिवस. मग कोष बघून गप्प बसेल.”

गोठ्याच्या पलीकडून कोणीतरी फस्सकन हसलं. व्हालेन्तीन पाइप झटकत उभा होता.

“माफ करा हं, तुमचं घरचं आहे. पण दहा-बारा दिवसांत कोवळा पाला? कुठं?”

“अर्जेंटिनात,” बास्तियान तुटकपणे म्हणाला. “माझा चुलतभाऊ सांगतो, प्रत्येक अंगणात तुती आहे.”

“आहे ना. माझ्याही आहे. पण मेमध्ये तिची पानं चामड्यासारखी जून झालेली असतात, भल्या माणसा. जूनअखेर झाड बोडकं. जुलैत आम्ही शेकोटीपाशी बसतो.”

“जुलैत?”

“तिकडे सगळं उलटं. नाताळात कलिंगड खातो आम्ही. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?”

बास्तियानच्या तोंडचं पाणी पळालं. “एजंट म्हणाला, तिथं बारमाही वसंत असतो.”

“एजंट तिकिटं विकतो, बाबा. पालवी फुटते ऑक्टोबरच्या सुमाराला.”

“मग डबा ऑक्टोबरपर्यंत गार ठेवू,” बास्तियान घाईनं म्हणाला.

“कशात? जहाज तर आपल्याला उतरवून परत जाणार,” दोमेनिका म्हणाली. “तिथली हवा कशी असते, काका, उतरताना?”

“मेमध्ये? छान. सदऱ्यावर बसता येतं.”

म्हणजे डब्यातलं बी आपसूक फुटणार, आणि त्या केसाएवढ्या तोंडांपुढे चामड्यासारखी पानं. बास्तियाननं गोठ्याच्या फळीला टेकून डोळे मिटले. गावच्या चौकात उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, बघा, जूनअखेर सान पिएत्रोच्या सणाला आमचे कोष तयार असतील. सणांवर जगणारी माणसं ही. आई सान मार्को धरून बसली, लेक सान पिएत्रो. समुद्र ओलांडला की संतही पालथे होतात हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आईला बोल लावता लावता त्याचंच चुकलेलं उघडं पडलं होतं.

दोमेनिका मात्र बोटांवर मोजत काहीतरी जुळवत होती. एकदा जुळवलं, पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. तिला विश्वासच बसेना.

“अहो,” ती म्हणाली, “कोवळा पाला कोणाला लागतो? आत्ता जन्मलेल्यांना. तो या पेटीत आहे. आपण उतरू तोवर आईंची पोरं दोनदा कात टाकून मोठी झालेली असतील. मोठ्यांना जून पाला चालतो, तो तिथं झाडावर आहे. पानं गळायच्या आत कोष बांधून होतील. कोषातून पतंग, पतंगाची अंडी. मग त्यांचा तो उलटा हिवाळा. बी थंडी खाईल, झोपेल, आणि जागं होईल ते ऑक्टोबरात.” ती व्हालेन्तीनकडे वळली. “आणि ऑक्टोबरात काय फुटतं म्हणालात, काका?”

“तुती,” व्हालेन्तीन म्हणाला आणि पाइप पेटवायचा विसरला.

“डब्यातलं बी जातंय, अहो. वाचलं तर आईंच्या बंडीतलंच वाचेल.”

बैलानं फटीतली एक पालवी जिभेनं ओढून घेतली तरी बास्तियाननं त्याला हाकललं नाही. मग तो पेटीची दोरी सोडू लागला. गाठ भिजून घट्ट झाली होती, त्यानं ती दातांनी सोडवली.

“सगळ्या नाही,” तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते लपवायची त्यानं खटपट केली नाही. “जाड काड्या ठेवायच्या. बारीक आहेत त्यांची खुडू. मी स्वतः खुडतो, तुम्हा लोकांचे हात आडदांड.”

*

पहिली पानं त्यानं टोपीत घालून आणली आणि आईसमोर धरली. म्हातारीनं एक पान उचलून हुंगलं.

“तुझ्या बापाचं झाड,” ती म्हणाली.

“हं.”

“माझ्या सासूचं बी खाणार त्याला. पस्तीस वर्षं दोघं भांडली, मायलेक. आता जमतंय बघ.”

दोमेनिकानं पानं कातरली आणि पसरली. एकही जीव कडेला गेला नाही. सगळे काळे तंतू एकदम पाल्याकडे वळले, वर चढले आणि तिथंच राहिले. बारीक कातरलेल्या हिरव्यावर काळं दिसेनासं झालं. कातिने मळमळ विसरून ओणवी झाली होती. झुआननं अकॉर्डियन उचललं, तर चौघांनी एकदम “शूऽ” केलं. “अरे, किड्यांना कुठं कान असतात,” तो पुटपुटला, पण त्यानं ते खाली ठेवलं. व्हालेन्तीननं आपल्या अंगणातली तुती देऊ केली, सगळीच्या सगळी, आणि जाताजाता कातिनेला विचारलं की तिला एखादी थोरली बहीण आहे का.

वरच्या मजल्यावर बॅण्ड सुरू झाला होता. पहिल्या वर्गाच्या जेवणात आज सॅलड थोडं कमीच असावं. वाऱ्यात पहिल्यांदा जरासा गारवा आला. ओर्सोलानं एकेक बटण काढत बंडी उतरवली आणि असा सुस्कारा सोडला की शेजारच्या दोन कुटुंबांनी वळून पाहिलं. मग तिनं गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली.

“घे.”

तिनं हात कातिनेच्या बाजूला केला नव्हता. दोमेनिकानं तरीही खात्रीसाठी एकदा मागे वळून पाहिलं.

“रिकामी आहे, आई.”

“मग? भरलेली द्यायला मी काय खुळी आहे? ऑक्टोबरात भर. तिकडे सान मार्को कधी येतो ते आता तूच ठरवायचं, तुलाच तो हिशेब जमतो.”

“माझी छाती थंड आहे ना?”

म्हातारीनं बंडीनंच वारा घेतला. “त्या आगीच्या मुलखात थंडच बरी. आणि उताणी झोपत जा. कुशीवर घोरतेस, ऐकलंय मी.”

दोमेनिका हसली आणि हसताहसता रडली, दोन्ही एकदमच, आणि तिला कसलीही लाज वाटली नाही. वीस वर्षं जिच्यावर मनातून चिडली होती त्या बाईचा हात तिनं क्षणभर धरला. म्हातारीनं तो लगेच सोडवून घेतला, पाला कातरायचा आहे म्हणून. पिशवी सासूच्या घामानं ओली होती आणि अजून ऊबदार होती. दोमेनिकानं ती गळ्यात घातली, आत सरकवली आणि सदऱ्याची बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत.

“ताई,” कातिने म्हणाली, “उकडत नाही का गं तुला?”

“छे,” दोमेनिका म्हणाली. “मला गार वाटतंय.”